गिटार आणि बेससाठी कॉर्डलेस संच : ग्रामीण विदर्भातील निवड

इलेक्ट्रिक गिटार किंवा बेस गिटारचा आवाज वायरीऐवजी रेडिओलहरींवरून अॅम्प्लिफायरपर्यंत किंवा मिक्सरपर्यंत नेणाऱ्या उपकरणांच्या जोडीला वायरलेस संच म्हणतात. विदर्भातल्या गावांत साउंडवाल्यापासून वादकापर्यंत सगळे त्याला ‘कॉर्डलेस’ म्हणतात. माईकचा शब्द गिटारलाही चिकटला. ट्रान्समीटर वाद्याला लागतो, रिसीव्हर अॅम्प्लिफायरकडे राहतो. झाडीपट्टीच्या नाटकांची संगीतपथके, भीमगीतांचे कार्यक्रम, धुमाल पार्ट्या (वरात-मिरवणुकीत वाजणारी पथके) आणि गावोगावचे ऑर्केस्ट्रा यांना त्याचा उपयोग होतो. पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) बसवलेल्या बँजोला, म्हणजे बुलबुलतरंगालाही हाच संच चालतो, कारण पिन तीच असते : ६.३५ मिलिमीटरची, दुकानात जिला पी-३८ म्हणतात.

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात अंतर छापलेले असते, ३० मीटर, ५० मीटर. गावच्या स्टेजची रुंदी त्याच्या निम्मीही नसते, त्यामुळे या आकड्यावरून निवड करणारा बहुधा फसतो. इथे आधी वीज पाहावी, मग बॅटरी, मग गर्दी. आवाजाचा विचार त्यानंतर.

वीज आणि अर्थिंग

गिटारच्या तारा ब्रिजमधून, पिकअपच्या वायरिंगमधून आणि कॉर्डच्या जाळीतून थेट अॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. सांगाडा जमिनीशी नीट जोडलेला असेल तर ही गोष्ट फायद्याची, कारण त्यामुळे घरघर कमी होते. पण शेतात उभारलेल्या मंडपात वीज कुठून तरी आकडा टाकून, नाहीतर जनरेटरवरून आलेली असते. एक्स्टेन्शन बोर्डाची तिसरी पिन कधीचीच तुटलेली असते आणि जनरेटरचा न्यूट्रल जमिनीला कोणी जोडलेला नसतो. अशा वेळी टेस्टर गिटारच्या तारेला लावला की त्यातला दिवा लागतो. वादक एका हाताने तार धरून ओठ माईकला लावतो आणि झिणझिण्या येतात. फेजच सांगाड्याला लागला असेल तर पूर्ण २३० व्होल्ट येतात, मग झिणझिण्यांवर भागत नाही. ‘पिन उलटी लाव’ हा यावरचा गावठी इलाज. त्याने झिणझिण्या कधी कमी होतात, दोष तिथेच राहतो.

जगातही कॉर्डलेस गिटारच्या गोष्टीत विजेचा धक्का सुरुवातीलाच येतो. ब्रिटिश गिटारवादक लेस हार्वे १९७२ मध्ये स्वान्सी येथे कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून मरण पावला. डिसेंबर १९७६ मध्ये फ्लोरिडातील लेकलंड येथे ‘किस’ बँडचा एस फ्रेली स्टेजवर असाच धक्का बसून पडला. पुढे त्या बँडने केन शेफर यांचा शेफर-व्हेगा हा वायरलेस संच स्वीकारला.

कॉर्डलेस लावला की वाद्य आणि अॅम्प्लिफायर यांच्यातली तार तुटते, म्हणजे धक्क्याची एक वाट बंद होते. एकच. डिसेंबरात दहिवराने ओली झालेली फळी, अनवाणी पाय आणि माईकच्या जाळीत उतरलेली वीज एवढे तिघे जमले तर गिटार कशीही असो, धक्का बसतोच. म्हणून कॉर्डलेस घेतल्यावरही अर्थिंगची सळी ठोकावीच लागते. उन्हाळ्यात काळ्या मातीला हातभर भेगा पडतात, तेव्हा सळी माती सोडते. जुने वायरमन तिच्याभोवती मिठाचे पाणी ओततात, आणि त्यात तथ्य आहे : ओल आणि मीठ दोन्हींमुळे मातीचा रोध घटतो.

रात्रभराची बॅटरी

झाडीपट्टी म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांचा धानपट्टा. वडसा (देसाईगंज) हे तिथल्या नाट्यव्यवसायाचे केंद्र. धान निघाल्यावर, दिवाळीपासून पुढे हंगाम चालतो आणि नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत जाते. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘बॅटरी ५ तास’ असे असेल तर ती ऐन रंगात, साडेतीनच्या सुमारास मान टाकणार. बॉस कंपनीच्या डब्ल्यूएल-२० या संचासाठी ट्रान्समीटरला १२ आणि रिसीव्हरला १० तास सांगितलेले आहेत. रिसीव्हरचा आकडा लोक वाचत नाहीत, आणि रात्री नेमका तोच आधी बंद पडतो. रिसीव्हरला बाहेरून वीज देता येते की नाही, हे म्हणूनच दुकानातच विचारावे.

दुसरा प्रश्न चार्जिंगचा. पथक पहाटे गाडीत बसते, दुपारी पुढच्या गावी पोहोचते, आणि तेव्हा तिथे भारनियमन असते. आत बसवलेल्या लिथियम बॅटरीचा संच असेल तर पॉवर बँक सोबत हवी. पेन्सिल सेलवर चालणारा संच दिसायला जुनाट, वजनाला जास्त. पण पेन्सिल सेल कोणत्याही पानठेल्यावर मिळतो. दौऱ्यावरच्या पथकाने तोच घ्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भीमजयंतीचे कार्यक्रम एप्रिलात असतात, त्या दिवसांत चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा सहज ४२-४३ अंशांवर जातो. उन्हात उभ्या टेम्पोच्या डॅशबोर्डवर ठेवलेला लिथियम सेल चार्जिंगला लावू नये. साधारण ४५ अंशांच्या वर तो चार्ज करणे बॅटरीला मारक असते.

लहरींचा पट्टा आणि गर्दी

सध्याचे बहुतेक स्वस्त आणि मध्यम किमतीचे संच २.४ गिगाहर्ट्झवर डिजिटल पद्धतीने चालतात. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला, त्यामुळे कागदपत्रांची कटकट नाही. मात्र वाय-फाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात राहतात. खेड्यात वाय-फाय कमी, म्हणून इथे २.४ ची हवा मोकळी असते असा समज आहे. संध्याकाळी पाच वाजता रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या मोकळ्या शेतात, आवाज तपासताना तो खराही वाटतो. रात्री दहाला त्याच बांधीत दोन हजार माणसे बसतात, त्यांच्या खिशांत मोबाईल, कुणाचा हॉटस्पॉट चालू, शूटिंगवाल्याचा ड्रोन वर. शिवाय माणसाचे शरीर बरेचसे पाणीच, आणि ते या लहरी शोषून घेते. म्हणून खरी तपासणी प्रेक्षक बसल्यावरची. तेव्हा हातात काहीच उरलेले नसते, हे दुर्दैव.

आणखी एक शत्रू साउंडवाल्याच्या टेबलावरच असतो. डिजिटल मिक्सर आता टॅबलेटवरून चालवतात आणि त्यासाठी लावलेला छोटा राउटर मिक्सरला चिकटून, रिसीव्हरपासून वीतभर अंतरावर ठेवलेला असतो. राउटर ५ गिगाहर्ट्झवर टाकला आणि रिसीव्हर दोन-तीन मीटर दूर नेला, तर अर्धी तक्रार मिटते. रिसीव्हर वादकाला दिसेल असा, डोक्याच्या उंचीवर ठेवावा. पत्र्याच्या पेटीमागे किंवा एलईडी भिंतीआड नाही.

५.८ गिगाहर्ट्झचे संच कमी गर्दीच्या पट्ट्यात चालतात (५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ २०१८ पासून परवानामुक्त), पण त्यांच्या लहरी आणखी आखूड असल्याने वादकाने पाठ फिरवली तरी त्या अडतात. स्टेजवर चालतील, धुमालच्या गाडीभोवती नाचणाऱ्या गर्दीत नाही. तिथे यूएचएफ, म्हणजे याहून खालच्या, काहीशे मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचा संच बरा. तो माणसांना वळसा घालून जातो आणि अॅनालॉग असेल तर विलंबही जवळपास शून्य.

संकेत कमजोर झाला की अॅनालॉग संच खरखरतो, म्हणजे आधी सूचना देतो. डिजिटल संच एकदम गप्प होतो. साउंडवाल्यांना खरखर परवडते, कारण ती ऐकून काही हालचाल करता येते.

विलंब

डिजिटल संचाला आवाजाचे आकडे करून पाठवायला आणि परत आवाज करायला काही मिलिसेकंद लागतात. डब्ल्यूएल-२० साठी २.३ मिलिसेकंद सांगतात. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे हा विलंब वादक अॅम्प्लिफायरपासून ऐंशी सेंटिमीटर मागे सरकल्याइतका. स्पीकरपासून तीन मीटरवर उभा असलेला बेसवाला तसाही ९ मिलिसेकंद उशिराचेच ऐकत असतो. मात्र विलंब साठतो : कॉर्डलेस, इफेक्टचा डिजिटल प्रोसेसर, डिजिटल मिक्सर, वर कानातला कॉर्डलेस मॉनिटर. ढोलकीशी बेस जुळत नसेल तर सगळी साखळी तपासावी.

आवाज आणि बेस

कॉर्डच्या जाळीत दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरॅड धारिता (वीज साठवून धरण्याची क्षमता) असते आणि ती साध्या, बॅटरी नसलेल्या पिकअपचा तीव्र भाग थोडा कापते. कॉर्ड गेली की हा काप जातो आणि गिटार टोचरी वाटू लागते. लोक याला संचाचा दोष मानतात. तो जुन्या वायरीचा गुण होता. काही संचांत वायरीची नक्कल करणारा स्विच असतो. नसेल तर टोन थोडा फिरवावा.

बेससाठी दोन गोष्टी वेगळ्या पाहाव्यात. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला, पाच तारांच्याची ३१ हर्ट्झला बोलते, म्हणून संचाची मर्यादा २० हर्ट्झपासून असावी. गाण्याच्या माईकसाठी बनवलेले संच खालचा भाग कापतात. दुसरे, अॅक्टिव्ह, म्हणजे आतल्या बॅटरीवर संकेत वाढवणाऱ्या, बेसचा संकेत दणकट असतो. ट्रान्समीटरचा लाल दिवा जोरात वाजवल्यावर लागत असेल तर आवाज फाटतोय, हे समजावे. अॅक्टिव्ह बेसमध्ये पिन घातली की आतली ९ व्होल्टची बॅटरी सुरू होते; नाटक संपल्यावर ट्रान्समीटर तसाच खोचून झोपले की दुसऱ्या रात्री बेस मुका.

ट्रान्समीटर थेट खोचायचा की कमरेचा, हे वाद्याच्या छिद्रावर ठरते. स्ट्रॅटोकास्टर गिटारसारख्या होडीच्या आकाराच्या खोलगट छिद्रात काही खोचणारे ट्रान्समीटर नीट बसत नाहीत, आणि नाचताना त्यांच्या वजनाने जॅकचा नट सैल होतो. वरातीत कमरेचाच घ्यावा, पुढच्या बाजूला लावावा, आणि त्याची छोटी कॉर्ड पट्ट्यातून ओवून घ्यावी.

विकत घेताना

नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात तपासण्याचा सोपा मार्ग : रिसीव्हर काउंटरवर ठेवायचा, खालची तार वाजवून धरायची, पाठ काउंटरकडे करून चालत सुटायचे आणि एकदा ट्रान्समीटर तळहाताने झाकायचा. तार तुटक ऐकू आली तर दुकानदार सांगेल, ‘भाऊ, इथे बाजारात वाय-फाय जास्त आहे.’ ते खरेही असेल. पण भरल्या बांधीत यापेक्षा वेगळे काय होणार?

जुना यूएचएफ संच स्वस्तात मिळत असेल तर तळाचे स्टिकर आधी वाचावे. २०२२ च्या लिलावात जिओने ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला हिस्सा देशभरासाठी घेतला. ८०० आणि ९०० च्या पट्ट्यांतही मोबाईलच बोलतात. स्टिकरवर यांतला आकडा असेल तर संच कितीही चकचकीत असो, परत ठेवावा.