आराखड्यासोबत कारणही लागते

शेतीच्या अवजाराचा आराखडा दुसऱ्याला देताना तो तसा का आहे हेही द्यावे लागते. सुरुवात माणसाच्या ताकदीपासून करू. धडधाकट माणूस दिवसभर संथ लयीत राबला, तर त्याच्या हातापायांतून मिळणारी उपयुक्त शक्ती साधारण ७५ वॅट भरते. एका अश्वशक्तीचा हा जेमतेम दहावा हिस्सा. झटका देऊन तो याच्या कितीतरी पट शक्ती लावू शकतो, पण ती काही क्षणांपुरती. आता हा माणूस तण काढायचे चाकाचे कोळपे ढकलत सेकंदाला एक मीटर वेगाने चालला आहे असे धरू. शक्तीला वेगाने भागले की जोर निघतो: ७५ न्यूटन, म्हणजे साडेसात किलोचे वजन उचलून धरायला लागतो तेवढा. चालण्यातही काही शक्ती जाते, त्यामुळे पात्यापर्यंत पोहोचणारा जोर याहून कमीच.

छोट्या शेतासाठी अवजार घडवणाऱ्याला सगळे काही एवढ्यात बसवावे लागते. पाते दुप्पट रुंद केले की ओढ जवळपास दुप्पट होते. खोली वाढवली तर ती आणखी झपाट्याने वाढते. म्हणून हाताने ढकलायच्या चांगल्या कोळप्याचे पाते वीतभरच असते आणि मातीत दोन-तीन सेंटिमीटरांपेक्षा खाली जात नाही. तण पांढऱ्या दोऱ्याएवढे कोवळे असतानाच कोळपणी केली, तर तेवढी खोली पुरते. उशीर झाला की पुरत नाही, मग अवजार कितीही चांगले असो. पात्याचा कोन थोडा चुकला की ते एक तर मातीवरून घसरत जाते किंवा रुतून बसते.

यातला जोराचा आणि कोनाचा भाग इंजिनिअरला येतो. तण कोणत्या दिवशी कापायचे, वाफसा, म्हणजे कामाला योग्य अशी मातीतली ओल, आला की नाही, पाते दोन दिवस थांबून घातले तर काय होईल, हे शेतकऱ्याला येते. एकाचे ज्ञान दुसऱ्याकडे नेणे वाटते तितके सोपे नसते. नवनिर्मितीचे अभ्यासक एरिक फॉन हिपेल यांनी १९९४ मध्ये अशा ज्ञानाला ‘चिकट माहिती’ म्हटले. ती ज्याच्याकडे असते त्याच्याकडेच चिकटून राहते आणि दुसरीकडे न्यायला श्रम व पैसा लागतो. मुठीत माती दाबून शेतकरी जे ओळखतो, ते त्याने पत्रात लिहून पाठवले तरी वाचणाऱ्याच्या मुठीत येत नाही. त्यामुळे अवजाराची अडचण अनेकदा तिथेच सुटते जिथे ही माहिती आधीपासून आहे. म्हणजे शेतात.

याचे मला फार आवडते उदाहरण दक्षिण ऑस्ट्रेलियातले आहे. तिथल्या मॅली प्रदेशातली निलगिरीची झुडपे वरून तोडून जाळली, तरी जमिनीखाली त्यांचे जाडजूड खोडगाठींचे जाळे उरते. साधा नांगर त्या गाठींना अडकून मोडायचा. १८७६ मध्ये रिचर्ड आणि क्लॅरेन्स स्मिथ या भावांनी प्रत्येक फाळ स्वतंत्र बिजागरीवर बसवला. गाठ लागली की तेवढाच फाळ वर उचलला जाई आणि गाठ ओलांडली की वजनाने पुन्हा मातीत उतरे. अडथळ्याला पुरून उरेल असे लोखंड शोधण्याऐवजी त्यांनी अडथळ्यापुढे वाकणारा सांधा शोधला. रिचर्ड स्मिथ यांना पेटंट टिकवता आले नाही. इतर कारागिरांनी तो नांगर उचलला, आपापल्या परीने सुधारला आणि तो त्या साऱ्या प्रदेशात पसरला. नक्कल करणाऱ्यांना एक गोष्ट सोपी गेली: नांगराकडे नुसते पाहिले तरी तो तसा का आहे हे कळत होते.

सगळ्याच अवजारांचे असे नसते. नांगराच्या फाळामागे माती उलटवणारा जो वक्र भाग असतो, त्याचा आकार नुसता पाहून उतरवता येत नाही. थॉमस जेफरसन यांनी, अमेरिकेचे अध्यक्ष होण्याच्या काही वर्षे आधी, याच वक्रावर काम केले. माती उचलणे आणि ती बाजूला कलंडवणे ही दोन कामे एकाच पृष्ठभागाने कमीत कमी विरोधात करावीत, हा त्यांचा प्रश्न. त्यांचा पृष्ठभाग वक्र असला तरी सरळ रेषांनी तयार होणारा होता. त्यामुळे लाकडाचा ठोकळा घ्यायचा, त्यावर ठरलेल्या रेषा आखायच्या, करवतीने ठरावीक खोलीपर्यंत चिरा द्यायच्या आणि मधला भाग वाकसाने काढून टाकायचा, की प्रत्येक वेळी तोच आकार हाती येई. १७९८ मध्ये त्यांनी ही कृती ब्रिटनच्या कृषी मंडळाच्या जॉन सिंक्लेअर यांना पत्रातून कळवली. पेटंट घेतले नाही. अवजारापेक्षा ते घडवण्याची रीत आणि त्यामागचे तर्कशास्त्र त्यांनी वाटले, हे मला जास्त मोलाचे वाटते.

आज हेच काम संघटितपणे चालते. अमेरिकेत तरुण शेतकऱ्यांच्या पुढाकाराने २०११ च्या सुमारास ‘फार्म हॅक’ सुरू झाले. त्याच्या पहिल्या मेळाव्यांपैकी एक मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत भरला होता. शेतकरी आपली अडचण मांडतात, इंजिनिअर आणि लोखंडी काम करणारे फॅब्रिकेटर सोबत बसतात आणि जे बनेल त्याची रेखाटने सर्वांसाठी खुली ठेवली जातात. पेडल मारून चालवायची कोळपणी यंत्रे, हरितगृहाचे तापमान घसरले की मोबाइलवर संदेश पाठवणारी इलेक्ट्रॉनिक मंडले (सर्किट), अशा बऱ्याच गोष्टी या मार्गाने पुढे आल्या.

फ्रान्समधली ‘लातेलिए पेइझाँ’ ही संस्था यापेक्षा खोलात गेली आहे असे माझे मत आहे. २००९ च्या आसपास आग्नेय फ्रान्समधल्या सेंद्रिय भाजीपाला उत्पादकांपासून तिची सुरुवात झाली आणि २०१४ मध्ये ती सहकारी संस्था झाली. तिची माणसे शेतांवर फिरून शेतकऱ्यांनी स्वतः केलेली अवजारे शोधतात, मोजतात, त्यांची नीट रेखाटने करतात. मग शिबिरे होतात. शेतकरी तिथे लोखंड कापायला आणि वेल्डिंग करायला शिकतो आणि जाताना स्वतः बनवलेले अवजार घेऊन जातो. पुढे ते शेतात मोडले, तर जोडणाऱ्याला प्रत्येक सांधा ओळखीचा असतो.

या संस्थेची सुरुवातीची अवजारे कायमस्वरूपी गादीवाफ्यांसाठी होती. ट्रॅक्टरचे चाक जिथे जिथे फिरते तिथली माती दाबली जाते, तिच्यातली हवेची आणि पाण्याची छिद्रे मिटतात आणि मुळांना वाट उरत नाही. चाके वर्षानुवर्षे एकाच पट्ट्यातून नेली, तर नुकसान त्या पट्ट्यापुरते राहते आणि मधला वाफा भुसभुशीत राहतो. पण मग अवजाराची रुंदी चाकांमधल्या अंतराला जुळायलाच हवी, आणि हे अंतर प्रत्येक ट्रॅक्टरचे वेगळे. रेखाटनावर नुसता सेंटिमीटरमधला आकडा असेल, तर दुसरा शेतकरी तो तसाच उतरवेल आणि फसेल. कोणते माप कशावर अवलंबून आहे हे लिहिले असेल, तर तो स्वतःचा आकडा काढेल.

कारण कळण्याने किती फरक पडतो हे आच्छादन पीक मोडणाऱ्या रोलरवरून चांगले दिसते. राय नावाच्या तृणधान्याचे दाट पीक वाढवायचे, ते आडवे पाडून मारायचे आणि त्याच्याच आच्छादनात पुढचे पीक पेरायचे, अशी ही पद्धत. नांगरट नाही आणि तणनाशकही नाही. दक्षिण ब्राझीलमधले शेतकरी पट्ट्या लावलेले जड रूळ यासाठी आधीपासून वापरत होते. पट्ट्यांनी देठ कापायचा नसतो, चिरडून दुमडायचा असतो. कापला तर बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. दुमडला तर त्यातला पाण्याचा प्रवाह तुटतो आणि रोप हळूहळू वाळते.

सरळ आडव्या पट्ट्यांची अडचण अशी की अख्खी पट्टी एकदम जमिनीवर आदळते, मग पोकळी, मग पुढची पट्टी. रूळ हादरत जातो, चालवणाऱ्याची हाडे खिळखिळी होतात आणि वेग कमी ठेवावा लागतो. पट्टी स्क्रूच्या आट्यासारखी तिरकी गुंडाळली तर हादरे थांबतात, पण अवजार एका बाजूला सरकू लागते. सेंद्रिय शेतीवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या रोडेल इन्स्टिट्यूटचे जेफ मॉयर आणि शेजारचे एक शेतकरी यांनी पट्ट्या मधोमध मिळणाऱ्या बाणाच्या टोकासारख्या बसवल्या. डावीकडचा आणि उजवीकडचा सरकाव एकमेकांना खोडून काढतो. शिवाय कोणत्याही क्षणी पट्टीचा छोटासा तुकडाच जमिनीला टेकलेला असतो, त्यामुळे रुळाचे सगळे वजन त्या तुकड्यावर येते आणि दाब वाढतो. रूळ पोकळ असतो, त्यात पाणी भरून वजन कमीजास्त करता येते. इन्स्टिट्यूटने ही रेखाटने कुणालाही वापरता येतील अशी खुली केली.

तरीही हा रोलर बनवून निराश होणे अगदी शक्य आहे. राय फुलोऱ्यात येण्याआधी रूळ फिरवला, तर ते पीक काही दिवसांत पुन्हा उभे राहते. फुलोऱ्यानंतर त्याच्यात ती ताकद उरत नाही. लोखंडाच्या रेखाटनात हे दिसण्याची सोयच नाही, ते शब्दांत लिहावे लागते. अवजाराचा निम्मा भाग लोखंडाचा आणि निम्मा वेळेचा असतो. दुसरा निम्मा भाग सांगायचा राहून जातो तेव्हा चांगले अवजारही उगाच बदनाम होते.

शेतमाल थंड ठेवण्याच्या बाबतीत अशीच एक हुशार युक्ती न्यूयॉर्क राज्यातले भाजीपाला उत्पादक रॉन खोसला यांनी शोधली. खिडकीत बसवायचा साधा एसी खोली १६ अंश सेल्सिअसच्या आसपास आणून थांबतो. पालेभाज्यांना दोन-चार अंश लागतात आणि शीतगृहाची यंत्रणा छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर असते. एसीचा कॉम्प्रेसर याहून थंड करू शकतो, त्याला त्याचा तापमापक थांबवतो. तसे थांबवण्यालाही कारण आहे. आतल्या थंड पत्र्यांचे तापमान शून्याखाली गेले की हवेतली वाफ त्यांवर बर्फ होऊन बसते, हवेचा मार्ग बंद होतो आणि थंडावा मिळणे थांबते. खोसला यांच्या ‘कूलबॉट’मध्ये एक चिमुकला हीटर एसीच्या तापमापकाला ऊब देत राहतो, म्हणजे एसीला खोली गरमच वाटते आणि तो चालू राहतो. दुसरा संवेदक पत्र्यांवर लक्ष ठेवतो. बर्फ धरू लागला की हीटर बंद, कॉम्प्रेसर थांबतो, पंखा चालू राहतो आणि बर्फ वितळतो. कूलबॉट बाजारात विकला जातो. पण तत्त्व समजल्यावर शेतकऱ्यांनी आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी लोकांनी साध्या मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे छोट्या संगणकी चिपवर, तसेच काम करणारी मंडलेही बनवून खुली केली आहेत. ज्याला फक्त हीटरची गोष्ट कळली आणि बर्फाची कळली नाही, त्याचा एसी काही तासांत बर्फाचा ठोकळा होईल.

खुलेपणाचा कायदेशीर भाग थोडा गुंतागुंतीचा आहे. आपले काम इतरांना वापरू देणारा क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा परवाना रेखाटनाला आणि मजकुराला लागू होतो. यंत्र कसे काम करते, ही कल्पना कॉपीराइटच्या कक्षेत येत नाही, ती पेटंटच्या कक्षेत येते. मात्र एखादी रचना तारखेसह जाहीर झालेली असेल, तर नंतर दुसऱ्या कुणी ती नवी म्हणून पेटंटसाठी मांडली की ती जाहीर नोंद आड येते. अनिल गुप्ता आणि सामान्य लोकांच्या कल्पक युक्त्या शोधून नोंदवणारे त्यांचे ‘हनी बी नेटवर्क’ यांनी वेगळी वाट काढली. लोकांनी एकमेकांकडून मोकळेपणाने शिकावे, नक्कल करावी, सुधारावे. कंपनीला धंद्यासाठी वापरायचे असेल तर तिने मूळ कल्पकाला मोबदला द्यावा. मोटरसायकलचे मागचे चाक काढून तिथे दोन चाकांचा जोड आणि अवजारांची दांडी बसवणाऱ्या गुजरातच्या मनसुखभाई जगानी यांच्या ‘बुलेट सांती’ला पेटंट मिळाले, तरी गावोगावच्या कारागिरांनी ती आपापल्या पद्धतीने बनवलीच. मला ही वाट न्याय्य वाटते. ज्याच्याकडे कल्पनेखेरीज दुसरे भांडवल नाही, त्याला सगळे फुकट दे म्हणणे सोपे असते.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र मी कुठेही सैल राहायला तयार नाही. ट्रॅक्टरच्या मागून अवजाराला फिरवणारा दांडा, पीटीओ, सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे घेतो. सेकंदाला नऊ. त्याचा घेर २५ सेंटिमीटर असला, तर त्यात अडकलेले कापड सेकंदाला दोन मीटरहून जास्त गुंडाळले जाते. माणसाला काय झाले हे कळून हात हलवायला अर्धा सेकंद गेला, तरी तोवर मीटरभर कापड आत गेलेले असते. म्हणून या दांड्यावर झाकण असतेच. घरी बनवताना पत्रा वाचवायला सगळ्यात आधी हेच झाकण गळते, कारण त्याशिवायही यंत्र चालते. रेखाटनात झाकण नुसते दाखवून भागत नाही, त्याच्याशेजारी हे गणित लिहायला हवे.

असे गणित मांडायला प्रयोगशाळा लागत नाही. लटकवायचा स्प्रिंगचा वजनकाटा कोळप्याच्या पुढे अडकवला आणि दुसऱ्याने त्याला धरून कोळपे संथपणे ओढले, की काट्यावर ओढ किलोमध्ये दिसते. सोबत पात्याची रुंदी, खोली, मातीचा प्रकार आणि आधी कोणता भाग मोडला एवढे टिपून ठेवले, तर त्याच अवजारावर दूर कुठेतरी काम करणाऱ्याला त्याच्या जमिनीचा अंदाज बांधता येतो. मापन कोरड्या मातीत एकदा आणि वाफशावर एकदा करावे. एकाच पात्याची ओढ ओलीप्रमाणे किती बदलते हे दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही.