बांगड्याचं डोकं आणि चाळिशी

‘बांगड्याचं डोकं चोखा, गाजर खा, चष्मा सुटेल’ हे कोकणात जेवायला बसल्यावर हमखास ऐकू येतं. बांगडा जरूर खा, पण चष्मा सुटत नाही. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं बघताना पुरेसं फुगत नाही. म्हणून सुईत दोरा ओवताना हात लांब जातो. ते भिंग कुठल्याच आहाराने पुन्हा मऊ होत नाही. +1 च्या आसपास सुरू झालेला नंबर साठीपर्यंत +2.5 च्या जवळ जातो, चष्मा लावा वा लावू नका.

अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, तिथे आहार खरा उपयोगी. शेवग्याचा पाला, लाल माठ, लाल भोपळा. भाजीला चमचाभर तेलाची फोडणी आणि वर ओलं खोबरं हवं. स्निग्धांशाशिवाय त्यातलं कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते द्रव्य, नीट शोषलं जात नाही. नुसता उकडलेला पाला म्हणजे अर्धी मेहनत वाया.

आणि साठीनंतर अचानक बिनचष्म्याने पेपर वाचता येऊ लागला, तर श्रेय माशांना देऊ नका. बरेचदा तो मोतीबिंदू असतो: भिंगाचा गाभा घट्ट होतो, जवळचं स्पष्ट दिसतं, पण एसटीची पाटी धूसर. रक्तातली साखर वाढली तरी नंबर असाच हलतो, तेव्हा नवा चष्मा करण्याआधी तीही तपासा.