कुंडीबदल

कुंडीतले झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढायचे, त्याची मुळे सोडवायची किंवा छाटायची आणि नव्या मातीत, त्याच किंवा थोड्या मोठ्या कुंडीत परत लावायचे, याला कुंडीबदल म्हणतात. बागप्रेमी मंडळी सर्रास ‘रिपॉटिंग’ म्हणतात. नर्सरीतले माळी ‘कुंडी भरून घेणे’ म्हणतात आणि ते जास्त नेमके आहे, कारण पुष्कळदा कुंडी तीच राहते, बदलते ती माती.

जमिनीतल्या मुळाला अडथळा आला की ते बाजूने वाट काढते. कुंडीत ती वाट भिंतीशी संपते. मूळ भिंतीला लागून वळते, फिरत फिरत तळाशी जाते आणि तिथे वेटोळे घालून बसते. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या कुंडीत हे फार सहज होते. इकडे मातीचीही रया जात असते. शेणखत कुजून संपते, बारीक कण खाली बसतात, हवेच्या पोकळ्या बुजतात. भरताना काठाच्या दोन बोटे खाली असलेली माती दीड-दोन वर्षांत चार-पाच बोटे खाली गेलेली दिसते. बोअरच्या पाण्यातले आणि खतांतले क्षार साठत जातात. मातीच्या कुंडीला बाहेरून जो पांढरा थर येतो, तो त्यांचाच.

वेळ झाली आहे का, हे पाणी घालताना कळते. घातलेले पाणी लगेच तळाच्या भोकातून निघून जात असेल आणि तरीही झाड दुपारी मान टाकत असेल, तर आत मातीपेक्षा मुळेच जास्त झाली आहेत. उलट पाणी वर तळ्यासारखे साचून राहत असेल, तर माती दगड झाली आहे. नवी पाने जुन्यांपेक्षा लहान येणे, जरा वाऱ्याने कुंडी कलंडणे, स्नेक प्लांटच्या गड्ड्यांनी प्लॅस्टिकची कुंडी फुगून चिरणे या पुढच्या खुणा. पिवळ्या पानांवर मात्र विसंबू नये. पाने पिवळी पडण्याचे घरोघरचे कारण म्हणजे जास्त पाणी, आणि तशा झाडाला मोठी कुंडी दिली तर ते आणखी ओल्या मातीत जाऊन बसते. भोकातून एखादे मूळ डोकावले एवढ्यानेही घाई करू नये.

शंका असेल तर झाड काढून बघावे. पाहून परत ठेवायला दोन मिनिटे लागतात आणि गोळा अखंड राहिला तर झाडाला पत्ताही लागत नाही. मुळांच्या जाळीतून माती दिसत असेल तर तसेच परत ठेवावे. कुंडीच्याच आकाराची मुळांची टोपली हातात आली तर वेळ झाली. बहुतेक झाडांची निरोगी मुळे पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि ताठ असतात. काळी, बोटांत चुरगळणारी, वास मारणारी मुळे म्हणजे मूळकूज. तिथे ऋतू न बघता लगेच हात घालावा लागतो. कधी गोळ्यात इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली पांढरी, जाड अळी निघते आणि सगळे ‘हुमणी, हुमणी’ (मुळे खाणारी अळी) म्हणून ओरडतात. ती अर्धवट कुजलेल्या शेणखतातून आलेली असते. फरशीवर ठेवून बघावी: पाठीवर पडून सरकत गेली तर ती कुजका पाला खाणारी, पायांवर चालली तर मुळे खाणारी असण्याचा संभव जास्त. कुंडीत मात्र दोघींनाही परत घालू नये.

महाराष्ट्रात बहुतेक झाडांना जून-जुलै मानवतो. हवा दमट असते, पाने कमी पाणी उडवतात आणि तुटलेल्या मुळांना सावरायला वेळ मिळतो. एप्रिल-मे शक्यतो टाळावा, विदर्भात तर नक्कीच. काही झाडांचे वेळापत्रक वेगळे असते. मोगऱ्याची छाटणी आणि माती बदलणे जानेवारीअखेर उरकले की उन्हाळ्याच्या बहराला मुळे तयार असतात. गुलाबाचे काम पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, छाटणीबरोबरच होते. फुगीर बुंध्याचे अडेनियम पावसात हलवले तर बुंधा कुजतो, म्हणून ते थंडी ओसरताना हलवावे. शेवंतीचा बहर ओसरला की बुडाशी आलेली पिल्ले वेगळी करून लावतात. तिचा कुंडीबदल म्हणजे खरे तर दरवर्षी नवे झाडच.

कुंडी केवढी घ्यावी, यात सर्वांत जास्त चुका होतात. एकदाच मोठी घेतली म्हणजे पुन्हा कटकट नको, हा विचार सोयीचा वाटतो, पण झाडाला तो बाधतो. आठ इंची कुंडीतून दहा इंचीत नेले तरी, आकार सारखाच धरला, तर मातीचे घनफळ जवळजवळ दुप्पट होते; बारा इंचीत नेले तर सव्वातीन पटींहून जास्त. एवढी मुळे नसलेली माती पाणी शोषून तशीच ओली राहते आणि मुळे सडू लागतात. म्हणून एका वेळी दोन इंचच वाढवावेत. गच्चीवर वजनाचाही हिशेब असतो. ओल्या मातीने भरलेली बारा इंची कुंडी वीस-पंचवीस किलोला सहज जाते.

तळाशी विटांच्या तुकड्यांचा किंवा खडीचा जाड थर घालायची पद्धत घराघरांत आहे. त्याने निचरा सुधारतो हा समज चुकीचा आहे. बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही; ते थराच्या वरच अडते. कुंडीच्या तळाशी जो ओला पट्टा राहिला असता तोच वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी पालथी ठेवली की पुरे. निचरा सुधारायचा तर मातीच भुसभुशीत करावी: दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग धुऊन घेतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठभर नीमपेंड. देशावरची काळी माती एकटी वापरू नये. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. मग पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते.

आदल्या दिवशी झाडाला पाणी घालावे. ओला गोळा एकसंध सुटतो, कोरडा फुटतो. बुंधा दोन बोटांच्या बेचक्यात धरून कुंडी उलटी करावी आणि तिचा काठ कठड्यावर हलकेच आपटावा. झाड ओढून काढू नये. अडकले असेल तर कडेने सुरी फिरवावी, तरीही हटले नाही तर कुंडीचा मोह सोडावा. आठ इंची कुंडीतला तीन वर्षांचा मोगरा असा उलटा केला, की तळाशी चुंबळीसारखे वेटोळे हातात येते. ते कात्रीने साफ कापून टाकावे. खालचा पाव भाग गेला तरी मोगरा कुरकुरत नाही. मग गोळ्याला बाजूंनी उभे तीन-चार काप देऊन बाहेरची मुळे बोटांनी मोकळी करावीत. ती न सोडवता गोळा जसाच्या तसा मोठ्या कुंडीत ठेवला, तर मुळे जुन्याच वळणाने फिरत राहतात. बुंधा पूर्वी जेवढा मातीबाहेर होता तेवढाच राहावा. लिंबाच्या कलमाला तर हे कटाक्षाने पाळावे. माती काड्यांनी खोचून पोकळ्या भराव्यात, दाबून ठासू नये. भोकातून वाहेपर्यंत पाणी घालावे. अडेनियमला मात्र नाही: त्याचे काप सुकू द्यावेत आणि पाणी काही दिवसांनी द्यावे.

नंतर झाड मलूल होते. पाणी शोषण्याचे बरेचसे काम मुळांवरचे सूक्ष्म केस करतात. ते हाताळणीत तुटतात, पाने मात्र पाणी उडवतच राहतात. म्हणून जेवढी मुळे छाटली त्या मानाने फांद्याही छाटाव्यात आणि आठ-दहा दिवस झाड सावलीत ठेवावे. मलूल दिसते म्हणून रोज पाणी ओतणे आणि लगेच खत घालणे या दोन चुकांनी दगावणारी झाडे पुष्कळ. खताला महिनाभर थांबावे.

नर्सरीतून आणलेल्या काळ्या पिशवीतल्या रोपाची गोष्ट वेगळी. त्याचा गोळा बहुधा चिकट लाल मातीचा असतो. कोकोपीटच्या हलक्या मिश्रणात तो तसाच ठेवला, तर पाणी भोवतीच्या मोकळ्या मिश्रणातून निघून जाते आणि गोळा आत कोरडाच राहतो. वरची माती ओली दिसत असते, झाड वाळत असते. पिशवी ब्लेडने कापावी, गोळ्याच्या कडा खरवडाव्यात आणि पहिले काही दिवस पाणी थेट बुंध्याशी घालावे. याला अपवाद बोगनवेलीचा. तिची मुळे ठिसूळ असतात, गोळा फुटला की रोप गेलेच समजा. शिवाय मुळे थोडी आवळलेली असली तर ती उलट भरभरून फुलते. कढीपत्त्यालाही मुळांशी केलेली छेडछाड आवडत नाही.

झाड फार मोठे झाले की कुंडीबदल हे बागकाम न राहता गवंडीकाम होते. लंडनच्या क्यू उद्यानात दक्षिण आफ्रिकेतून १७७५ साली आणलेले, सायकससारखे दिसणारे, सायकॅड गटातले एक झाड आहे. जगातले सर्वांत जुने कुंडीतले झाड म्हणून ते ओळखले जाते. त्याचे वजन टनाहून जास्त आहे आणि २००९ मध्ये त्याला नवी लाकडी पेटी दिली गेली. व्हर्सायच्या राजवाड्यातल्या संत्र्यांच्या झाडांसाठी फ्रेंच माळ्यांनी निराळी युक्ती केली: पेटीच्या बाजू सुट्या होतात, त्यामुळे झाड न उचलताच मुळे छाटता येतात आणि माती बदलता येते.

ज्यांना हलवताच येत नाही अशा कुंड्यांना वरची चार-सहा इंच माती खरवडून नवी घालतात. अंगणातल्या तुळशीवृंदावनाला हेच करतात, बहुधा तुळशीच्या लग्नाआधी, रंगरंगोटीबरोबर. तुळस स्वतः दोन-तीन वर्षांत काष्ठ होते. तेव्हा तिच्याच मंजिऱ्यांतून उगवलेले रोप त्या जागी लावले जाते. वृंदावन तेच राहते.