एकखांबी तंबूचं गणित

कार्ड गेम शिकवणारा कोणीही सुरुवातीलाच बजावतो की सगळा डाव एका क्रीचरवर (मैदानात उतरून लढणाऱ्या प्राण्याच्या पानावर) लावू नका. सल्ला रास्त आहे आणि त्यामागचा हिशेबही सोपा. तुम्ही एक क्रीचर उतरवलं, त्यावर तीन ऑरा (क्रीचरला चिकटून त्याला बळ देणारी पानं) चढवल्या, म्हणजे चार पानं खर्ची पडली. समोरच्याने एका पानात ते क्रीचर मारलं की ऑराही त्याच्याबरोबर जातात. चाराला एक. असा व्यवहार दोनदा झाला की डाव हातचा गेलाच. तरीही 'मॅजिक: द गॅदरिंग' या कार्ड गेममध्ये बोगल्स नावाचा डेक (खेळाडूने निवडून बांधलेला पानांचा गठ्ठा) वर्षानुवर्षं स्पर्धांमध्ये खेळला गेला आहे आणि तो नेमकं हेच करतो: एक बारकं क्रीचर, आणि बाकी सगळा साज त्याच्या अंगावर. ते कसं जमतं याचं उत्तर संभाव्यतेत आहे. मला तरी हे या खेळातलं सगळ्यात देखणं गणित वाटतं.

आधी टिकाऊपणा म्हणजे काय ते पाहू, कारण तो प्रत्येक खेळात वेगळा असतो. मॅजिकमध्ये क्रीचरला झालेली इजा टर्न, म्हणजे खेळाडूची पाळी, संपताना पुसली जाते. टफनेस (मरायला लागणारी इजा) ५ असलेल्या क्रीचरला या टर्नमध्ये ४ आणि पुढच्या टर्नमध्ये पुन्हा ४ इजा झाली, तरी ते धडधाकट उभं राहतं. 'पोकेमॉन'च्या पत्त्यांत किंवा 'हार्थस्टोन'मध्ये इजा साचत जाते, तिथे दुसऱ्या घावात ते गेलंच. एकीकडे टफनेस हा उंबरठा आहे, दुसरीकडे ती हळूहळू संपणारी शिल्लक. त्यामुळे पोकेमॉनमध्ये इजा भरून काढणाऱ्या पानांना मोल येतं, तर मॅजिकमध्ये मोल येतं उंबरठा नेमक्या जागी असण्याला. 'लाइटनिंग बोल्ट' हे १९९३ पासूनचं स्वस्त पान ३ इजा करतं. त्याच्यासमोर टफनेस ३ वरून ४ वर नेणं म्हणजे जीव वाचवणं. ४ वरून ५ वर नेल्याने त्या पानापुरता काडीचा फरक पडत नाही.

पण खरा टिकाऊपणा आकड्यात नसतो, तो समोरच्याची किती पानं निकामी झाली यात असतो. समजा, त्याच्या ६० पानांच्या डेकमध्ये तुमचं क्रीचर संपवू शकणारी ८ पानं आहेत. दहा पानं पाहून होईपर्यंत त्यातलं किमान एक हातात येण्याची शक्यता सुमारे ७९ टक्के. आता तुमच्या क्रीचरवर हेक्सप्रूफ आहे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला त्याच्यावर नेम धरता येत नाही, आणि आठांपैकी सहा पानं नेम धरूनच चालणारी आहेत. उरली दोन. शक्यता घसरून सुमारे ३१ टक्क्यांवर येते. शिवाय ती सहा पानं त्याच्या हातात नुसती पडून राहतात. तुम्ही एकही पान न खर्चता त्याचा हात रिकामा केल्यासारखंच हे झालं.

आता धोका आणि वेळ एकत्र धरू. प्रतिस्पर्ध्याचे २० लाइफ आहेत, ते संपले की तो हरतो. तुमचं क्रीचर पहिल्या हल्ल्यात १ इजा करतं आणि दर टर्नला त्याची ताकद २ ने वाढते: १, ३, ५, ७, ९. विषम संख्यांची बेरीज वर्गसंख्या देते, त्यामुळे पाचव्या हल्ल्यात एकूण २५ होतात आणि डाव जिंकला जातो. दर टर्नला क्रीचर मरण्याची शक्यता निम्मी असेल, तर पाचही टर्न तगण्याची शक्यता १/२ चा पाचवा घात, म्हणजे जेमतेम ३ टक्के. धोका निम्म्यावर, म्हणजे १/४ वर आणा. तगण्याची शक्यता २४ टक्क्यांच्या आसपास जाते. धोका अर्धा झाला आणि यश जवळपास आठपट. घातांकामुळे हे होतं, आणि म्हणूनच अर्धवट टिकाऊ क्रीचरवर डेक बांधू नये. टिकाऊपणात कसर राहिली तर वरच्या सगळ्या गुंतवणुकीवर पाणी पडतं.

घातांक कमी करणं, म्हणजे लवकर जिंकणं, हा दुसरा उपाय. बोगल्समधली 'इथेरियल आर्मर' ही ऑरा (२०१२) तुमच्याकडे मैदानात जितकी एन्चांटमेंट (मैदानात टिकून राहणाऱ्या जादूची पानं, ऑराही त्यातच) असतील तितकी ताकद देते, आणि मोजणीत स्वतःलाही धरते. ही आर्मर एकच असेल तर १; दोन असतील तर प्रत्येकी २, म्हणजे ४; तीन असतील तर ९. पानं सरळ वाढतात, ताकद वर्गाने.

हे सगळं क्रीचर हातात आलं तरच. एका नावाची जास्तीत जास्त ४ पानं ठेवता येतात, आणि सुरुवातीच्या सात पानांत त्यातलं किमान एक येण्याची शक्यता फक्त ४० टक्के असते. म्हणून बोगल्समध्ये हेक्सप्रूफ असलेल्या 'स्लिपरी बोगल'च्या जोडीला जवळपास तसंच 'ग्लेडकव्हर स्काउट' घेतात. आठ पानांमुळे शक्यता ६५ टक्के होते, आणि हात न आवडल्यास २०१९ पासूनच्या मुलिगनच्या नियमाने पुन्हा सात पानं पाहिली की दोन प्रयत्नांत मिळून ८८. मॅजिकच्या कमांडर नावाच्या प्रकारात तर हा प्रश्नच मिटतो. तिथे मुख्य क्रीचर सुरुवातीपासून बाजूला हजर असतं. मात्र तिथून ते पुन्हा खेळायचं तर दरवेळी २ माना (पानं खेळायला लागणारं चलन) जास्त मोजावे लागतात.

हेक्सप्रूफला भेदणारी पानं दोन जातींची. पहिली 'राथ ऑफ गॉड'सारखी, जी कोणावरही नेम न धरता सगळी क्रीचर एकदम नष्ट करतात. त्यावर 'हायना अंब्रा' हा उतारा आहे: क्रीचर नष्ट होणार असेल तेव्हा ही ऑरा त्याच्याऐवजी स्वतः जाते. दुसरी जात जास्त घातक. 'डायबॉलिक एडिक्ट' खेळाडूवर नेम धरून म्हणतं, तुझं एक क्रीचर बळी दे. तुमच्याकडे एकच असेल तर निवडीला वावच नाही, आणि अविनाशी क्रीचरसुद्धा बळी द्यावंच लागतं. यावर बोगल्स खेळणारे 'ड्रायड आर्बर' ठेवतात. ते माना देणारं जमिनीचं पान आहे आणि १/१ (ताकद १, टफनेस १) क्रीचरही. एडिक्ट आलं की ते पुढे करायचं, मुख्य क्रीचर जागेवर राहतं. पहिल्या गेमनंतर समोरचा साइडबोर्डच्या (दोन गेमच्या मध्ये बदलण्यासाठी बाजूला ठेवलेल्या) १५ पानांतून अशी आणखी पानं आत घेणार हे गृहीत धरावं, आणि दुसऱ्या गेमला ड्रायड आर्बर मैदानात येईपर्यंत तिसरी ऑरा हातातच ठेवावी.