विद्यार्थी विनिमय

परदेशातील कुटुंबात राहून आणि तेथील शाळेत शिकून त्या समाजाची भाषा व रीतिरिवाज आत्मसात करण्याच्या आणि त्यातून नेतृत्वगुण अंगी बाणवण्याच्या पद्धतीस विद्यार्थी विनिमय म्हणतात. पदवीसाठीच्या परदेशगमनाहून ती वेगळी आहे. अमरावती जिल्ह्यातील पापळचे पंजाबराव देशमुख १९२० च्या दशकात एडिंबरो व ऑक्सफर्डला शिकले, तो विनिमय नव्हे. तरीही परतल्यावर १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली, ही गोष्ट नेतृत्वाच्या अंगाने लक्षात घ्यावीच लागते.

पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. रोटरी या सेवाभावी क्लबांच्या संघटनेच्या परंपरेत फ्रान्समधील नीसच्या क्लबने १९२७ च्या सुमारास केलेली देवाणघेवाण पहिली मानतात, तर काही जण १९२९ मधील कोपनहेगनच्या क्लबला तो मान देतात. अमेरिकन फील्ड सर्व्हिसचा आरंभ १९१५ चा असला, तरी ते रुग्णवाहिका पथक होते आणि शालेय विनिमय त्याने १९४७ मध्ये हाती घेतला. म्हणून १९१५ हे साल येथे धरता येत नाही. डोनाल्ड वॉट यांनी १९३२ मध्ये अमेरिकन तरुणांना स्वित्झर्लंडला नेले आणि पुढे कुटुंबातील वास्तव्य हाच आपल्या उपक्रमाचा कणा केला. सहल आणि सहवास यांतील भेद त्यात स्पष्ट झाल्याने आजच्या पद्धतीचे मूळ तेथे शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. ग्रामीण तरुणांनी परदेशी शेतकऱ्याच्या घरी राहण्याची योजना अमेरिकेत १९४८ मध्ये निघाली. विदर्भातील शेतकरी घरांना हीच शाखा सर्वांत जवळची आहे.

उलट दिशेचा प्रवाहही विदर्भाने पाहिला आहे. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात १९५० च्या दशकात परदेशी स्वयंसेवकांनी श्रमदान केले.

अमेरिकेतील शालेय वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते. त्या वेळी इकडे पऱ्हाटीत निंदण-डवरणी चालू असते, घरातला पैसा बियाणे-खतांत गुंतलेला असतो आणि कापूस दिवाळीच्या आगेमागे घरात येतो. त्यामुळे अमेरिकन सरकारच्या २००२ पासूनच्या केनेडी-लुगार योजनेसारखी संपूर्ण खर्च उचलणारी शिष्यवृत्ती नसेल, तर गावातील हुशार मुलगीही मागे राहते. पासपोर्टसाठी अल्पवयीन विद्यार्थ्यास आईवडिलांची लेखी संमती लागते.

निघण्याचे दिवस पोळ्याच्या आसपास येतात. यजमान कुटुंबासाठी तान्ह्या पोळ्याचा चाकांचा लाकडी बैल न्यावा. इंग्रजी अडखळती असली, तरी त्याच्या दोरीला हात लागताच घर, शेत आणि सण यांविषयीचे प्रश्न समोरूनच येऊ लागतात.