मंगळ जवळ येतो तेव्हा बघायचं, शुक्र जवळ येतो त्याच्या आधी बघायचं

दर दोन-सव्वादोन वर्षांनी मंगळ पृथ्वीच्या जवळ येतोय असे व्हॉट्सॲप फॉरवर्ड सुरू होतात, आणि मग एखादा जरा जास्त वाचलेला माणूस हमखास विचारतो की शुक्र तर मंगळापेक्षाही जवळ येतो ना, मग त्याची तारीख सांगा की, त्या रात्री जागू. तारीख सांगता येते, २४ ऑक्टोबर २०२६. पण त्या दिवशी शुक्र सूर्याबरोबरच उगवणार आणि सूर्याबरोबरच मावळणार, रात्रभर जागलात तरी काही दिसायचं नाही. हे सांगितलं की समोरच्याला वाटतं आपण त्याची टिंगल करतोय.

मंगळाचं तुम्हाला माहीत असतंच, ते पटकन उरकतो. पृथ्वी आतल्या कक्षेतून जोरात धावते आणि साधारण ७८० दिवसांनी मंगळाला गाठून पुढे जाते, त्या वेळी सूर्य, मध्ये पृथ्वी आणि पलीकडे मंगळ असे तिघे जवळपास एका रेषेत येतात, ही झाली प्रतियुती. सूर्य मावळताना मंगळ उगवतो, मध्यरात्री सगळ्यात उंच असतो, सूर्योदयाला मावळतो. २०२७ ची प्रतियुती १९ फेब्रुवारीला आहे आणि अंतर सगळ्यात कमी होतं ते त्याच्या दुसऱ्या दिवशी. या दोन तारखांमधला फरक कधीकधी आठ दिवसांपर्यंत जातो (२०३१ मध्ये ४ मे आणि १२ मे), कारण मंगळाची कक्षा चांगलीच लंबगोल आहे. यावर लोक तावातावाने भांडतात, पण आठवडाभर इकडेतिकडे झाल्याने नुसत्या डोळ्यांना काडीचा फरक कळत नाही, त्यामुळे तो वाद मी सोडून देतो.

आता खरी गोची. मंगळामुळे आपल्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलंय की ग्रह जवळ आला की मोठा, जवळ आला की झगझगीत, जवळ आला की रात्रभर हजर. मंगळ, गुरू, शनी अशा पृथ्वीच्या बाहेरून फिरणाऱ्यांना हे लागू पडतं. शुक्र आतून फिरतो. तो आपल्या सगळ्यात जवळ असतो तेव्हा सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधोमध असतो, याला म्हणतात अंतर्युती. म्हणजे सूर्य त्याच्या पाठीमागे, प्रकाश पडलाय तो पलीकडच्या बाजूवर, आणि आपल्याकडे वळलेली त्याची रात्रीची बाजू. खिडकीला पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढला की चेहरा काळा येतो, तसलं प्रकरण. माणूस जितका नीट खिडकीसमोर तितका चेहरा जास्त काळा, आणि इथे तर खिडकीत सूर्यच आहे, तो डोळे दिपवतो ते वेगळंच.

म्हणजे अंतर कमी होत जातं तशा शुक्राच्या बाबतीत दोन गोष्टी उलट्या दिशेने चालतात. त्याची चकती मोठी होत जाते, सूर्यापलीकडे असताना जेमतेम १० आर्कसेकंदांची (एका अंशाचे ३६०० आर्कसेकंद) ती अंतर्युतीला ६० च्या आसपास पोचते, म्हणजे सहा पट. पण तिचा उजळलेला भाग त्याच वेळी कमी होत जातो, पूर्ण, मग अर्धा, मग कोर, चंद्रासारखाच. या दोघांचा मेळ बसतो तो अंतर्युतीच्या साधारण पाच आठवडे आधी, आणि पुन्हा पाच आठवडे नंतर. तेव्हा शुक्राचा फक्त पाव भाग उजळलेला असतो आणि तरीही तो सगळ्यात तेजस्वी दिसतो, उणे ४.९ प्रतीपर्यंत जातो (प्रत म्हणजे तेज मोजायचं माप, आकडा जितका उणे तितकं तेज जास्त). मंगळ २०१८ सारख्या दणदणीत वर्षीही उणे २.८ च्याच आसपास होता. पाव शुक्र पूर्ण शुक्रापेक्षा जास्त चमकतो हे लोकांना पटतच नाही, पण हिशोब सोपा आहे, पूर्ण असतो तेव्हा तो सूर्याच्या पलीकडे, कितीतरी लांब असतो.

तेव्हा शुक्राची तारीख विचारू नका, आठवडे विचारा. २०२६ चंच घ्या. ऑगस्टच्या मध्यावर तो संध्याकाळी सूर्यापासून सगळ्यात लांब दिसतो, टेलिस्कोपमधून अर्धा. सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो सगळ्यात तेजस्वी. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा, हा माझा सगळ्यात आवडता काळ, कारण कोर इतकी मोठी होते की साध्या १० पटीच्या दुर्बिणीतून दिसते, फक्त हात हलता कामा नये, दुर्बीण कशावर तरी टेकवा. आणि पूर्ण अंधार पडायची वाट बघू नका, ही चूक सगळे करतात, काळ्या आकाशात शुक्र इतका झगमगतो की कोर त्या झगमगाटात विरघळून जाते, संधिप्रकाशात ती नीट कातरल्यासारखी दिसते. मात्र सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण त्या बाजूला वळवायची नाही, यात मस्करी नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो. त्यानंतर तो रोज खाली खाली जात हरवतो, २४ ला अंतर्युती, आणि नोव्हेंबरमध्ये पहाटे पूर्वेला हजर, कोरीचं तोंड आता उलट्या बाजूला. नोव्हेंबरअखेर पुन्हा सगळ्यात तेजस्वी. म्हणजे एका जवळ येण्यात बघायचे दोन मोसम मिळतात, मधला आठवडा-दोन आठवडे सुट्टी.

शुक्राला अगदी जवळ असताना बघायचा एकच धडधाकट मार्ग आहे, तो म्हणजे अधिक्रमण, सूर्याच्या तबकडीवरून सरकणारा काळा ठिपका. शुक्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी ३.४ अंशांनी कललेली असल्यामुळे बहुतेक अंतर्युतींना तो सूर्याच्या वरून किंवा खालून निसटतो. ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ ला तो नेमका समोरून गेला. पुढचं अधिक्रमण डिसेंबर २११७.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. शुक्राची कक्षा जवळपास गोल, त्यामुळे प्रत्येक अंतर्युतीला तो ४ कोटी किलोमीटरच्या आसपासच येतो, एक बघितली की दुसरी थोड्याफार फरकाने तशीच. मंगळाचं तसं नाही, २७ ऑगस्ट २००३ ला ५.५८ कोटी किलोमीटरवर होता, २०२७ मध्ये १० कोटींच्या वरच राहतो. म्हणून मंगळाच्या बाबतीत कुठलं वर्ष आहे हे आधी विचारावं. ते चंद्राएवढा मंगळ दिसण्याचं फॉरवर्ड २००३ च्याच त्या योगातून जन्मलं, मूळ मजकुरात ७५ पट मोठं करून बघितलं तर अशी अट होती, ती कोणीतरी गाळली आणि तेव्हापासून ते मेसेज ऑगस्ट आला की फिरतात, त्या वर्षी मंगळ सूर्यामागे दडलेला असला तरी. गंमत म्हणजे अंतर्युतीजवळच्या शुक्राला चंद्राएवढं करायला ३० पट पुरतात, २०२७ च्या मंगळाला १३० च्या वर लागतात, पण शुक्राचं फॉरवर्ड कोणी करत नाही.

आणखी एक, मध्यरात्री शुक्र दिसला असं कोणी सांगितलं तर आपल्याकडे तरी ते खरं नसतं. शुक्र सूर्यापासून ४८ अंशांपेक्षा लांब जातच नाही, फार तर सूर्यास्तानंतर तीन-साडेतीन तास किंवा सूर्योदयाआधी तितकाच. भर मध्यरात्री उंचावर काही ठळक पांढरं दिसलं तर तो बहुतेक गुरू. आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये हाच घोळ मंगळाच्या बाबतीत होणार, आत्ताच सांगून ठेवतो. गुरूची प्रतियुती त्याच महिन्यात आहे, तो मंगळापासून फार लांब नसेल आणि त्याच्यापेक्षा ठळकही असेल, मग लोक गुरूचा फोटो काढून खाली मंगळ लिहिणार. दोघांतला जो लालसर आणि जरा कमी तेजस्वी, तो मंगळ. जवळच मघा ताराही असेल, निळसर पांढरा, तो ग्रह नाही.