फौजेतल्या माणसाचा विमा: घरच्यांनी काय तपासून ठेवावं

घरात कुणी फौजेत असलं की 'त्याचं सगळं सरकार बघतं' असं आपण धरून चालतो. सरकार बघतं, हे खरंच. पण पैसे ज्याच्या नावावर यायचे ते नाव आणि जखम झाली त्या दिवसाचा कागद, या दोन गोष्टी आपल्यालाच बघाव्या लागतात. गोव्यातल्या आमच्या कार्यालयात येणाऱ्या फौजी कुटुंबांचं काम बहुतेक वेळा याच दोन जागी अडलेलं असतं.

पगारातून कापला जाणारा विमा

लष्करात दर महिन्याला पगारातून होणारी ही कपात आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंडात जाते. हा फंड १ जानेवारी १९७६ पासून चालू आहे. नौदलाची आणि हवाई दलाची स्वतंत्र व्यवस्था आहे. मृत्यू सीमेवर आला की रजेत घरी, याने या रकमेत फरक पडत नाही.

केंद्र सरकारची सानुग्रह रक्कम, म्हणजे मृत्यूनंतर घरच्यांना एकदाच मिणारी मदत, याहून वेगळी, आणि तिथे मृत्यू कसा आला यावर सगळं ठरतं. १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे कर्तव्यावरचा अपघात किंवा अतिरेकी हल्ला यासाठी २५ लाख रुपये. सीमेवरची चकमक, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई किंवा अति उंचीवरच्या हवामानात कर्तव्य बजावताना आलेला मृत्यू यासाठी ३५ लाख. युद्धात शत्रूच्या कारवाईत ४५ लाख.

नाव कुणाचं आहे?

मुलगा भरती होतो अठरा-एकोणीस वर्षांचा. तेव्हा नॉमिनी म्हणून आईचं नाव लागतं, कधी भावाचं. पुढे लग्न होतं, पोर होतं, आणि नाव तेच राहतं. लग्नानंतर युनिटमधून पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या लग्नासारख्या बदलांची अधिकृत नोंद करणारा आदेश) निघून रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे त्याच्या सेवेचे कागद जिथे राहतात तिथे, पत्नीचं नाव चढेपर्यंत कागदोपत्री तो अविवाहितच असतो. मराठा रेजिमेंटच्या जवानांचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. आणि ऑर्डर निघाली म्हणजे विम्याचा नॉमिनीही बदलला असं समजू नका. त्याचा फॉर्म वेगळा भरावा लागतो.

गोव्यात यात आणखी एक पायरी आहे. देवळात लग्न लागलं एवढ्याने भागत नाही, सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही आणि मग काही दिवसांनी दुसरी सही व्हावी लागते. जवानाची रजा मध्येच संपते आणि दुसरी सही राहते. मग दाखला नाही, दाखला नाही म्हणून पार्ट टू ऑर्डर नाही. रजा ठरवतानाच दोन्ही सह्यांचे दिवस धरा. गोव्याच्या कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक मानली जाते, पण त्यावर विसंबून राहू नका. फंड आधी बघतो ते नोंदलेलं नाव.

स्पेलिंगही बघा. आपल्याकडच्या कितीतरी जन्मदाखल्यांवर आडनाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं असतं. शिरोडकरमधल्या 'श'ला एक्स, 'क'ला सी. भरतीच्या कागदांवर तेच आडनाव इंग्रजी वळणाचं. बाप आणि मुलगा कागदावर दोन वेगळ्या घरांतले वाटतात. ही दुरुस्ती माणूस नोकरीत असताना सोपी असते. नंतर एकट्या बाईला ती फार जड जाते, हे आम्ही जवळून पाहिलं आहे.

जखमेचा कागद

वाळपईकडचे एक जवान आमच्याकडे आले होते. सरावात खड्ड्यात पडून गुडघा गेलेला. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, औषधांच्या चिठ्ठ्या तारखेवार टाचलेल्या. नव्हता तो एकच, इंज्युरी रिपोर्ट, म्हणजे जखम कधी, कशी झाली याची अधिकृत नोंद. 'तेव्हा लंगडत चालत होतो, वाटलं बरं होईल,' ते म्हणाले. सहा वर्षांनी मेडिकल बोर्डासमोर, म्हणजे अपंगत्व ठरवणाऱ्या लष्करी डॉक्टरांसमोर, जखम सेवेमुळेच झाली हे त्यांना साक्षीदार शोधून मांडावं लागलं.

म्हणून जखम लहान वाटली तरी रिपोर्ट भरून घ्या आणि त्याची प्रत घरी पाठवा. कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे घटनेची लष्करातली चौकशी, झाली असेल तर तिचा निकालही. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासाठी बोर्डाने किमान २० टक्के अपंगत्व ठरवावं लागतं, आणि ते सेवेमुळे आलं किंवा सेवेमुळे वाढलं असं मान्य व्हावं लागतं. ड्यूटीवरून रजेला गावी येतानाचा प्रवास काही अटींवर कर्तव्यातच धरतात. त्यामुळे रेल्वेचं तिकीट आणि लीव्ह सर्टिफिकेट घरी पोचल्या पोचल्या टाकून देऊ नका.

अग्निवीरांच्या घरच्यांसाठी

अग्निवीराला, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेल्या जवानाला, ४८ लाखांचा जीवनविमा हप्ता न भरता मिळतो. सेवेमुळे मृत्यू आला तर ४४ लाखांची सानुग्रह रक्कम आणि राहिलेल्या काळाचा पगार त्यावर. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी १००, ७५ किंवा ५० टक्क्यांप्रमाणे ४४, २५ किंवा १५ लाख एकदाच मिळतात. मात्र चार वर्षं संपून तो घरी आला की हे छत्र राहत नाही. तेव्हा त्याचं वय बावीस-तेवीस असतं, आणि त्या वयात स्वतःच्या टर्म पॉलिसीचा हप्ता कमी बसतो. सेवा निधीतून, म्हणजे चार वर्षं संपल्यावर मिळणाऱ्या एकरकमी पैशातून, गाडी घेण्याआधी आमच्याशी एकदा बोला, ही आमची कळकळीची विनंती.

बाहेरचा विमा घेताना

फॉर्मवर 'नोकरी' एवढंच लिहू नका. फौजेत आहात, पाणबुडीवर किंवा विमानात काम आहे, ते स्पष्ट लिहा. थोडा जादा हप्ता बसला तरी चालेल. अपघात विम्यात युद्ध आणि लष्करी कारवाई बहुतेक वेळा वगळलेली असते, ते पान आमच्यासमोर बसून वाचा. पोस्टल लाइफ इन्शुरन्स १८८४ पासून चालू आहे आणि फौजींना तो ५० लाखांपर्यंत घेता येतो. पगाराचं खातं डिफेन्स सॅलरी पॅकेजमध्ये आहे का, हेही बँकेत विचारा. त्या खात्यासोबत अपघात विमा असतो आणि घरी त्याचा पत्ताच नसतो.

चवथीला माणूस रजेवर आला की एका सकाळी त्याला घेऊन या. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पगाराची शेवटची स्लिप आणि असतील त्या पॉलिसी बरोबर आणा. कागद तपासायचे आम्ही पैसे घेत नाही.